‘हुशारी वाटंना झाली’ : एका तक्रारीचा आणि एका शब्दाचा अभ्यास

हे प्रकरण मागील वर्षीच्या भाद्रपदातले आहे. माझी आत्या परभणी जिल्ह्यातील एका खेडेगावात राहते. तिचे वय ५८. दोन एकर कोरडवाहू शेत, त्यात कापूस आणि तूर, आणि घरचे काम उरकले की दुसऱ्याच्या शेतात रोजाने खुरपणीला जाणे, हा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. दोन महिन्यांपासून तिला बरे नव्हते, परंतु ताप नाही, खोकला नाही, कुठे दुखत नाही, म्हणून घरात कोणी ते मनावर घेतले नाही. मी गावी गेलो तेव्हा ती भर दुपारी उंबऱ्याला टेकून बसलेली दिसली. जिला मी दिवसा बसलेले कधी पाहिले नव्हते, ती अशी बसलेली पाहून मी दुसऱ्याच दिवशी तिला तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. वैद्यकाशी माझा संबंध एवढाच, की त्या दिवशी मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसलो होतो. तरीही ही हकीकत सविस्तर लिहावीशी वाटते, कारण त्या खोलीत जी चूक होऊ घातली होती ती औषधाची नव्हती, शब्दाच्या अर्थाची होती, आणि शब्दाचा अर्थ सांगणे हेच माझे काम आहे.

डॉक्टर तरुण होत्या, मुंबईत वाढलेल्या, बंधपत्राच्या सेवेसाठी वर्षभर इकडे आलेल्या. बाहेर रांग मोठी असूनही त्यांनी घाई केली नाही, हे आधीच नोंदवले पाहिजे. त्यांनी विचारले, “काय होतंय मावशी?”

आत्या म्हणाली, “काय नाही ओ बाई, हुशारीच वाटंना झाली. दोन म्हैने झाले. सकाळी उठलं तरी हुशारी नाही, निजून उठलं तरी नाही.”

डॉक्टरांचा पेन क्षणभर थांबला. “हुशारी वाटत नाही म्हणजे, विसरायला होतं का? नावं आठवत नाहीत असं काही?”

“इसरत कशाला?” आत्या म्हणाली.

पुढचे प्रश्न ओळीने आले. आज वार कोणता, महिना कोणता, आपण आता कोणत्या गावी बसलो आहोत, मी तीन वस्तूंची नावे सांगते ती थोड्या वेळाने परत सांगा. आत्याने सगळ्याची नीट उत्तरे दिली. मग डॉक्टर म्हणाल्या, “शंभरातून सात वजा करा, जे उरेल त्यातून पुन्हा सात, असं करत जा.” आठवडी बाजारात शेंगा आणि तुरीची डाळ विकून जन्म गेलेल्या बाईला हा हिशेब कसला? “त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट,” असे ती न थांबता म्हणाली आणि माझ्याकडे वळून तिने हळू आवाजात विचारले, “बापू, मला येडी समजायल्यात का ह्या?”

तिच्या चेहऱ्यावरचा अपमान पाहिल्यावर काय घडते आहे हे माझ्या लक्षात आले, आणि इतका वेळ ते का आले नाही याची खंत अजूनही वाटते. मुंबईच्या शाळेत शिकलेल्या माणसाला ‘हुशारी’ म्हणजे बुद्धी. हुशार मुलगा म्हणजे पहिला नंबर मिळवणारा. एका वयस्क बाईने हुशारी राहिली नाही असे सांगितले, तेव्हा तिची बुद्धी किंवा स्मरण मंदावले असावे, असा अर्थ डॉक्टरांनी घेतला, आणि त्या अर्थाने त्यांनी केलेली चौकशी अगदी शास्त्रशुद्ध होती. मी म्हणालो, “डॉक्टर, त्या बुद्धीबद्दल बोलत नाहीत. हुशारी म्हणजे अंगातली... तरतरी म्हणा.”

माझा हा प्रतिशब्द आत्यानेच नाकारला. “तरतरी कशाची? तरतरी च्या पिल्यावर येतीच की. घटकाभर ऱ्हाती आन् जाती. मी हुशारी म्हनायले.”

आता डॉक्टरांनी पेन खाली ठेवला आणि विचारले, “हुशारी नसली की नेमकं काय होतं, ते सांगा ना मला.” आत्या थोडी थांबली आणि म्हणाली, “पाथ मागं राहायलीय.”

खुरपणीला बायका ओळीने बसतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला पिकाचे ठरावीक तास, म्हणजे ओळी, येतात. त्या पट्ट्याला पाथ म्हणतात. सगळ्या एकाच धुऱ्यावरून निघतात आणि बोलत बोलत पुढे सरकतात. जिची पाथ मागे राहते तिच्या मदतीला शेजारची एकदा येते, दुसऱ्यांदाही येते, परंतु रोजच येऊ लागली तर बोलणी होतात. आत्याची पाथ तीस वर्षांत मागे राहिली नव्हती. आता पाच-सहा हात सरकले की तिला छातीत धडधडत होते, खुरपे हातात तसेच राहत होते, आणि उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. ही सगळी हकीकत तिच्या पहिल्या वाक्यात, म्हणजे ‘हुशारी वाटंना झाली’ या तीन शब्दांत, होतीच.

डॉक्टरांनी तिची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली. आतला भाग लालसर असायला हवा तो पांढुरका होता. नखेही तशीच होती. रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन ७.४ आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजला जातो, आणि ८ च्या खाली गेले तर तो तीव्र समजला जातो. प्राणवायू शरीरभर पोहोचवण्याचे काम हिमोग्लोबिनचे असते. ते निम्म्याच्या जवळ आल्यावर श्रमाच्या वेळी धाप लागणार आणि अंग जड होणार, यात नवल नव्हते.

येथे शब्दाकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा तो आहे.

‘हुशार’ हा फारसीतील ‘होशियार’ किंवा ‘हुशयार’ या शब्दाचा मराठी अवतार. त्यातील ‘होश’ म्हणजे शुद्ध, भान. तोच ‘होश’ आपल्या ‘बेहोश’ मध्ये आहे. म्हणजे हुशार याचा मूळ अर्थ शुद्धीवर असलेला, जागा, भानावरचा. जो जागा आहे तो सावध असतो, जो सावध आहे तो फसत नाही, आणि जो फसत नाही त्याला चतुर म्हणतात. अशा पायऱ्यांनी हा शब्द बुद्धीपर्यंत गेला आणि शाळेने त्याला तेथेच बसवले. परंतु त्याच मुळापासून दुसरी वाट शरीराकडे गेली. जो पुरता जागा आहे त्याचे अंग हलके असते, डोळा स्वच्छ असतो, हात आपोआप कामाला लागतो. ‘न्हाल्यावर जरा हुशारी वाटली’, ‘पोरगं तापातून उठलं, आता हुशार दिसतंय’, ‘दोन घास पोटात गेल्यावर म्हातारा हुशारला’ ही वाक्ये या दुसऱ्या वाटेवरची आहेत. तापातून उठलेल्या पोराच्या अभ्यासाविषयी त्यात काहीही सांगितलेले नाही.

वर्गात हा शब्द निघाला की विद्यार्थी लगेच म्हणतात, निजामाच्या राज्यातून हा आपल्याकडे आला असणार. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, कचेरीचे कामकाज उर्दूत चालत असे, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतून होते, तेव्हा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या शब्दाच्या बाबतीत तो निष्कर्ष घाईचा ठरेल. फारसी बोलणारी सत्ता याच भूमीवर त्याच्या कितीतरी आधी आली होती. बहमनी राज्याची स्थापना १३४७ मध्ये दौलताबादला झाली. शिवाजी महाराजांना कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला, यावरून सतराव्या शतकापर्यंत फारसी शब्द मराठीत किती खोल मुरले होते ते दिसते. शिवाय शरीराच्या अर्थाने ‘हुशारी’ ही मराठवाड्याबाहेरही बोलली जाते. फरक असा, की शहरातील बोलण्यातून हा अर्थ मागे पडला आहे आणि आमच्याकडे खेड्यात तो अजूनही रोजच्या वापरात आहे.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की ‘चैतन्य’ या संस्कृत शब्दाचा प्रवासही असाच झाला आहे. ‘चित्’ म्हणजे जाणणे, त्यावरून चेतन, आणि त्यावरून चैतन्य म्हणजे जाणिवेचे असणे. आज ‘पाऊस पडताच बाजारपेठेत चैतन्य आले’ असे वर्तमानपत्र लिहिते, तेव्हा त्याला जाणीव अभिप्रेत नसते, सळसळ अभिप्रेत असते. होश आणि चित् ही दोन वेगळ्या भाषांतील मुळे, दोघांचाही अर्थ शुद्ध, आणि मराठीत दोघांच्याही पोटी जिवंतपणाचा, चपळाईचा अर्थ जन्मला. जागेपण आणि अंगातील शक्ती ही मराठी माणसाने एकच गोष्ट मानली, असे मला यातून दिसते. फक्त वाटणी अशी झाली, की चैतन्य लिहिण्यात गेले आणि समूहाला, बाजाराला, ऋतूला चिकटले, तर हुशारी एकट्या माणसाच्या अंगात राहिली. आत्या ‘चैतन्य वाटत नाही’ असे कधीही म्हणणार नाही.

या शब्दाचे सोबतीही पाहिले पाहिजेत, कारण रोग्याने त्यांपैकी कोणता निवडला यावर पुढचा प्रश्न ठरतो. तरतरी ही वरवरची आणि अल्पकाळाची. चहाने, गार वाऱ्याने, तोंडावर पाणी मारल्याने ती येते. चहाने हुशारी आली असेही पुष्कळ लोक म्हणतात, पण आत्याने त्या दिवशी दोहोंत केलेला भेद मला अधिक नेमका वाटतो. हुरूप बाहेरून मिळतो. कोणी शाबास म्हटले, पहिल्या तोडणीला भाव बरा लागला, की हुरूप येतो, आणि तो कामाविषयीचा असतो, अंगाविषयीचा नसतो. जोम हा वाढीचा शब्द आहे, म्हणून तो पिकाला शोभतो. उरक म्हणजे काम संपवण्याची क्षमता. उत्साह मनाचा आणि शरीराचा मिळून आहे, नाट्यशास्त्राने त्याला वीररसाचा स्थायिभाव केला, आणि कदाचित त्यामुळेच आजारी माणूस तो शब्द स्वतःविषयी फारसा वापरत नाही.

‘उमेद’ मात्र वेगळी काढून पाहण्यासारखी आहे. हाही फारसीतून आलेला शब्द. तिकडे त्याचा अर्थ आशा, आणि उर्दूतही ‘उम्मीद’ म्हणजे आशाच. मराठीत आशेबरोबर त्याला मनाच्या बळाचा अर्थ आला. उमेदीची वर्षे म्हणजे काही करून दाखवण्याचा काळ, उमेद खचली म्हणजे पुढे काही करावे असेच वाटेनासे झाले. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाला ‘उमेद’ हे नाव दिले गेले तेही याच अर्थाने, आणि आत्याच्या गावच्या बचत गटातल्या बायका ते नाव रोज घेतात. ज्या बाईची हुशारी गेली आहे तिचे शरीर तपासावे लागते. जिची उमेद गेली आहे तिच्याशी बसून बोलावे लागते. आत्याची उमेद शाबूत होती. तपासणीसाठी रक्त द्यायला जाताना तिने मला विचारले होते, की वेचणीच्या हंगामापर्यंत आपण उभे राहू का.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. या वयात एवढा रक्तक्षय असेल तर रक्त कुठून जाते आहे ते शोधावे लागते, असे डॉक्टरांनी मला समजावले आणि नंतर मला बाहेर बसायला सांगितले. आत्याला कित्येक महिन्यांपासून मूळव्याधीचा त्रास होता आणि रक्त जात होते. भाच्यासमोर ती ते बोलली नसती, आणि डॉक्टरांनी ते ओळखले. तिला त्यासाठी पुढील तपासणीला पाठवले गेले, तेथे दुसरे काही निघाले नाही, मूळव्याधीवर उपचार झाले आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नये, हे सांगितले गेले. दुसरी सूचना आत्याला जड गेली. जेवणाबरोबर आणि गोळीच्या आगेमागे चहा नको, कारण चहातील द्रव्ये लोह शोषू देत नाहीत. उलट लिंबू, आवळा यांनी ते अधिक शोषले जाते. दिवसात पाच वेळा चहा घेऊन ती कशीबशी तरतरी धरून ठेवत होती, आणि तोच चहा हुशारी परत येण्याच्या आड येत होता. डॉक्टरांनी हे तिला तिच्याच दोन शब्दांत सांगितले, तेव्हा ते तिला पटले. मला ते फार महत्त्वाचे वाटते, कारण ‘चहा कमी करा’ हा सल्ला तिने त्याआधी अनेकांकडून ऐकून सोडून दिला होता.

तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला, “आता जरा हुशारी आल्यावानी वाटायलंय.” दोन महिन्यांनी तपासले तेव्हा हिमोग्लोबिन १०.१ होते.

एका रुग्णावरून नियम करता येत नाही, हे मला मान्य आहे. दुसरी बाई ‘हुशारी नाही’ म्हणेल तेव्हा कारण थायरॉइडचे असू शकते, मधुमेहाचे असू शकते, किंवा नुसत्या अर्धपोटी राहण्याचे असू शकते. शब्द रोग सांगत नाही. तो एवढेच सांगतो, की विचारपूस स्मरणशक्तीकडून न करता श्रमाकडून सुरू करा, धाप लागते का विचारा, पापणी पाहा. महाराष्ट्रात १५ ते ४९ या वयातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. आत्यासारख्या त्यापुढील वयाच्या बायका त्या मोजणीत येतही नाहीत. त्यांच्याकडे आपला आजार सांगण्यासाठी जे साधन आहे ते असेच शब्द आहेत, आणि ऐकणाऱ्याला ते कळले नाहीत तर ती उणीव ऐकणाऱ्याने भरून काढायची असते.

डॉक्टरांनीच पुढच्या भेटीत मला विचारले, की असे आणखी कोणते शब्द आहेत ते लिहून द्याल का. आम्ही दोघांनी बसून एक कागद केला. त्यात मळमळ, कणकण, कसर, अंग मोडून येणे, जीव घाबरा होणे असे शब्द आले आणि प्रत्येकापुढे, हा शब्द ऐकला तर पहिला प्रश्न कोणता विचारायचा, ते डॉक्टरांनी लिहिले. ‘हुशारी’ पुढे त्यांनी लिहिले, “पाथ मागे राहते का?” मी सुचवले, की शेतात न जाणाऱ्या बाईला ते लागू पडणार नाही, म्हणून त्याखाली “पाण्याची कळशी घेऊन येताना मध्ये थांबावे लागते का?” हेही जोडले. केसपेपरवर मूळ तक्रार रोग्याच्या शब्दांत, देवनागरीत लिहायची आणि तिचे भाषांतर नंतर करायचे, हे त्यांनी तेव्हापासून सुरू केले आहे.

शेवटच्या भेटीला आत्याबरोबर तिची सून होती. ती २४ वर्षांची आहे, बारावीपर्यंत शिकलेली. आत्याचे तपासणे झाल्यावर डॉक्टरांनी तिलाही सहज विचारले, “तू कशी आहेस?” ती म्हणाली, “बरी आहे मॅडम. अंगात एनर्जीच नसती फक्त.”

हा शब्द आता आमच्याकडच्या तरुण बायकांच्या तोंडी सर्रास आहे, आणि त्यात तरतरी, हुशारी, हुरूप, उमेद, सगळेच एकत्र कोंबलेले असते. डॉक्टरांनी थोडे थांबून विचारले, “एनर्जी नाही म्हणजे काय गं? हुशारी नाही, का उमेद नाही?”

सून बराच वेळ काही बोलली नाही. तिने सासूकडे पाहिले, मग खाली पाहिले आणि म्हणाली, “उमेद.”

डॉक्टरांनी मला आणि आत्याला बाहेर थांबायला सांगितले, आणि तिच्या नावाचा वेगळा केसपेपर काढायला लावला.